शुगरवाल्यांचे डोळे: सीआरपी-एनएलआर करायचं की सरळ पडदा दाखवायचा?

आधी उत्तर देऊन टाकतो, ज्यांना कारणं हवीत त्यांनी पुढे वाचा. शुगर आहे आणि डोळ्याच्या पडद्याला काही लागलंय का ते बघायचंय, तर पैसे डोळा बघण्यावर घाला. रक्तातले सुजेचे मार्कर, म्हणजे अंगात आतून सूज (दाह) आहे का ते सुचवणारे सीआरपी, एनएलआर, आयएल-६ वगैरे आकडे, त्यांच्यातून पडदा दिसत नाही. हे मी लॅबवाला असून सांगतोय, म्हणजे स्वतःच्याच धंद्याच्या विरुद्ध, तेव्हा तेवढं तरी वजन द्या.

लिहायचं कारण असं की गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की आईबाबांची फुल बॉडी करून जायची पद्धत पडलीय आमच्या सिंधुदुर्गात, चांगलीच आहे, पण त्या पॅकेजात हल्ली सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, खाली एनएलआर, पीएलआर असली गुणोत्तरं छापून येतात, सोबत एचएस-सीआरपी असतो, आणि मग मुंबईला परत गेलेला मुलगा फोन करतो की दादा, नेटवर वाचलं की एनएलआर वाढला म्हणजे शुगरचा डोळ्यावर परिणाम, बाबांचा तर नॉर्मल आलाय, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची गरज नाही ना? आणि बाबांचं इकडे वेगळंच, "माका सगळा दिसता, मगे कशाक जावचा?"

बाबांचा मुद्दा आधी संपवतो कारण तो सोपा आहे. पडद्याचा आजार, ज्याला डॉक्टर डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात, तो सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, पेपर वाचता येतो, समुद्रातली होडी दिसते. दिसायला कमी होतं तोवर बरंच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे "सगळा दिसता" हा पुरावा धरायचाच नाही.

मुलाचा मुद्दा मात्र अगदी हवेतला नाही, त्यामागे खरं संशोधन आहे. शुगर वर्षानुवर्षं वर राहिली की पडद्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, आयकॅम-वन नावाचं प्रोटीन तिथे वाढतं, त्याला पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात, काही नळ्या तुंबतात, काही गळायला लागतात, तुंबलेल्या भागाला ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ, म्हणजे नव्या वाहिन्या फुटायला लावणारं प्रोटीन, वाढतं, त्याने आणखी गळती आणि पुढे नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात ज्या कधीही रक्त सोडू शकतात. सूज त्यात खरोखरच आहे, आणि त्याचा पुरावा उपचारातच दिसतो: मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या बारीक नजरेच्या जागेला, पाणी धरलं की काही पेशंटना डोळ्याच्या आत डेक्सामेथासोनचं इंप्लांट देतात, म्हणजे स्टेरॉइडच, आणि बऱ्याच जणांचं पाणी उतरतं. आणि रेटिनोपॅथी असलेल्या लोकांचा सरासरी एनएलआर ती नसलेल्या मधुमेहींपेक्षा जास्त येतो हेही पुष्कळ अभ्यासांत दिसलंय.

पण सरासरी म्हणजे गटाची सरासरी. समोर बसलेल्या एका माणसाचं काय, तर तिथे दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की रेघ कुठे मारायची तेच ठरत नाही, एका अभ्यासाचा कटऑफ दुसऱ्याला लागत नाही. शिवाय सुजेची खरी भानगड डोळ्याच्या आत चाललेली असते. डोळ्यातल्या जेलीत, म्हणजे व्हिट्रियसमध्ये, आयएल-६ (सूज वाढवायचा इशारा देणारं प्रोटीन) आणि व्हीईजीएफ वाढलेलं सापडतं, हाताच्या शिरेतल्या रक्तात ते तसंच दिसेल याची खात्री नाही. वाडीतल्या एका विहिरीचं पाणी गढूळ झालं का ते बघायला खाडीचं पाणी बाटलीत भरून आणावं, तसं आहे ते.

एनएलआर येतो कुठून ते बघा एकदा

वेगळी टेस्ट नाही ही. सीबीसीच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते, त्यातले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. समजा न्यूट्रोफिल ६८ आणि लिम्फोसाइट २२, तर ६८ भागिले २२, एनएलआर ३.१ च्या आसपास. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, कुणी यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. धडधाकट माणसात साधारण १ ते ३ मध्ये असतो. पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट, आणि एसआयआय म्हणजे प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. तिन्ही एकाच सीबीसीतून निघतात.

आता यात लॅबमधली एक गोम सांगतो जी पॅकेजच्या पत्रकावर कधी नसते. लहान गावातल्या लॅबमध्ये बऱ्याचदा थ्री-पार्ट मशीन असतं, ते पांढऱ्या पेशींचे तीनच गट करतं, लिम्फ, मिड आणि ग्रॅन. ग्रॅन म्हणजे नुसते न्यूट्रोफिल नव्हेत, इओसिनोफिल-बेसोफिल हे पांढऱ्या पेशींचे दुसरे प्रकार मशीनप्रमाणे कधी ग्रॅनमध्ये कधी मिडमध्ये जातात, आणि आपल्याकडे दमा, ॲलर्जी, जंत यांनी इओसिनोफिल वाढलेले लोक काही कमी नाहीत. फाइव्ह-पार्ट मशीन ते वेगळे मोजतं. म्हणजे कणकवलीतल्या एका लॅबचा एनएलआर आणि मुंबईच्या मोठ्या लॅबचा एनएलआर, माणूस तोच असला तरी शेजारी शेजारी ठेवून तुलना करायच्या लायकीचे असतीलच असं नाही.

सीआरपीची वेगळी गंमत, काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, दहापटीचा फरक. एकाकडे ६ आणि दुसरीकडे ०.६ आला तर आजार बरा झालेला नाही, युनिट बदललंय. आणि साधा सीआरपी आणि एचएस-सीआरपी यांत दुसरा जास्त बारीक मोजतो, तो मुळात हृदयाचा धोका बघायला वापरात आला, १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. डोळ्यासाठी अशी कुठलीच सर्वमान्य पट्टी नाही.

आयएल-६ आणि तसलाच सुजेचा मार्कर टीएनएफ-अल्फा तर आमच्याकडे होतच नाहीत, सॅम्पल बाहेर जातं, सीरम पटकन वेगळं करून थंड ठेवून पाठवावं लागतं, पावसात घाट बंद पडला की बोंबललं सगळं. आणि बिल हजाराच्या वर. संशोधनासाठी ठीक आहे, घरच्या माणसासाठी मी तरी करणार नाही.

पावसातलं रक्त

कोकणात राहणाऱ्याने हे मार्कर वाचताना कॅलेंडर बघायलाच हवं. जून ते सप्टेंबर, लावणीच्या चिखलात उघड्या पायाने उभं राहायचं, पायाला कापलेलं, भेगा पडलेल्या, त्यात लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून येणारा ताप. लेप्टोत न्यूट्रोफिल चढतात, सीआरपी चढतो. डेंगीत उलटं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही पडतात, त्यामुळे एसआयआय खाली येतो आणि कागद बघून वाटावं वा, सूज नाहीच. दोडामार्गकडे माकडतापाचाही हंगाम असतो, तो उन्हाळ्याकडे. शुगरवाल्याच्या पायाची जखम महिना महिना भरत नाही ते वेगळंच.

ताप नसला तरी कारणं संपत नाहीत. मशेरीने आणि किडलेल्या दातांनी सुजलेल्या हिरड्या, विडी, पोटाचा घेर, गुडघ्याची संधिवाताची सूज, या सगळ्यांनी सीआरपी वर राहतो. कंबरेत किंवा गुडघ्यात कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट कमी होतात, एनएलआर सरळ वर, आणि शुगरही वर. ह्याच्या उलट कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू असेल तर सीआरपी खाली येतो, पडदा मात्र आहे तसाच. एकाच काकांचं सीबीसी जुलैत आणि डिसेंबरात ठेवून बघा, जुलैत न्यूट्रोफिल ८० लिम्फ १२ म्हणजे एनएलआर साडेसहाच्या वर, डिसेंबरात ६० आणि ३२ म्हणजे दोनच्या आत. मधल्या काळात डोळ्यात काहीही बदललेलं नसू शकतं.

म्हणून वाढलेला मार्कर आला तर डोळ्याच्या आधी ताप, लघवी, पायाची जखम, दात बघा. एचएस-सीआरपी १० च्या वर आला तर तो हृदयासाठीसुद्धा धरत नाहीत, इन्फेक्शन शोधायचं आणि साधारण दोन आठवड्यांनी परत करायचा, असाच नियम आहे.

आकड्यांत किती फरक पडतो

स्मार्ट इंडिया नावाचा देशभराचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला, त्यात चाळिशीच्या पुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांना रेटिनोपॅथी होती आणि ४ टक्के लोकांना नजर जाण्याइतपत. तर आपल्या तालुक्यातले २०० शुगरवाले घ्या, २५ जणांच्या पडद्यावर दोष आहे असं धरू, १७५ स्वच्छ. समजा एखादा रक्तमार्कर १०० आजाऱ्यांतले ७० पकडतो आणि १०० चांगल्यांतल्या ६५ जणांना बरोबर चांगलं म्हणतो (हे मी गणितासाठी धरलेले आकडे आहेत, कुठल्या टेस्टचे नाहीत). मग २५ पैकी १७-१८ सापडले, ७-८ जण "नॉर्मल" रिपोर्ट घेऊन निवांत घरी गेले, आणि चांगल्या १७५ मधल्या ६१ जणांना फुकटची धडकी. म्हणजे ज्यांना "वाढलाय" सांगितलं त्या एकोणऐंशी जणांत पाऊणभराहून जास्त लोकांना काहीच नाही, आणि त्या सगळ्यांना शेवटी डोळाच तपासायला पाठवायचा. मला खरा राग येतो तो त्या ७-८ जणांच्या बाबतीत, कारण ते पुढची दोन वर्षं येणारच नाहीत, हातात नॉर्मलचा कागद आहे ना.

याच्यासमोर कॅमेरा. पडद्याचा फोटो काढून कॉम्प्युटरनेच निकाल द्यायचा, डॉक्टर बाजूला नसतानाही, अशा एका यंत्रणेला, आयडीएक्स-डीआरला, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधं आणि उपकरणं तपासणारं सरकारी खातं) एप्रिल २०१८ मध्ये परवानगी दिली, तिच्या चाचणीत आजार पकडायचं प्रमाण ८७.२ टक्के आणि चांगल्याला चांगलं म्हणायचं ९०.७ टक्के होतं. ते "किंचितच्या पुढच्या" रेटिनोपॅथीसाठी आहे, म्हणून वरच्या २०० वर जसंच्या तसं लावता येत नाही, पण दोन्हीतलं अंतर कळतं. आणि मुख्य फरक असा की फोटो पुढच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघता येतो, ठिपके वाढले की तेवढेच आहेत ते दिसतं. सीआरपीत आलेल्या ४ मधला डोळ्याचा वाटा किती, कुणी सांगणार नाही.

डोळ्याच्या बाजूला तरी काय काय आहे

सगळ्यात भरवशाचं म्हणजे थेंब टाकून बाहुली मोठी करून रेटिनाच्या डॉक्टरने स्वतः बघणं. बारीक फुगे, रक्ताचे ठिपके, पिवळे चरबीचे डाग, नव्या वाहिन्या, सगळं कडेपर्यंत दिसतं. त्रास एवढाच की थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर आणि उजेड सोसवत नाही, त्यामुळे टू-व्हीलर घेऊन एकटे जाऊ नका, कोल्हापूरला दाखवून करूळ नाहीतर फोंडा घाट स्वतः गाडी चालवत उतरणं तर अजिबात नको. गॉगल न्या, सोबत माणूस न्या. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचा कोन अरुंद आहे असं कधी सांगितलं असेल तर थेंबांच्या आधी बोला.

फोटोचा कॅमेरा, म्हणजे फंडस कॅमेरा, हा आपल्यासारख्या लांब पसरलेल्या भागासाठी मला सगळ्यात कामाचा वाटतो, हल्ली मोबाईल लावून चालणारेही आहेत, शिबिरात आणता येतात, वाडीवरच्या आजीला जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसपर्यंत एसटीने न्यावं लागत नाही. अडचण मोतीबिंदूची. मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटो ढगाळ येतो आणि रिपोर्टवर "फोटो वाचता येत नाही" असं लिहून येतं. ते "नॉर्मल" नव्हे. तसं आलं की डॉक्टरकडे जायचंच, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तरी पडद्याचं काय ते आधी विचारायचं.

ओसीटी हे स्क्रीनिंगचं नाही, मॅक्युलाला पाणी धरलंय का आणि किती, ते मायक्रॉनमध्ये मोजायचं मशीन. डोळ्यात इंजेक्शन चालू असलेल्यांना लागतं. शिरेतून रंग देऊन काढायची पडद्याची ॲन्जिओग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हाच, लघवी पिवळीजर्द होते दिवसभर, घाबरू नका.

मग रक्ताचं काहीच कामाचं नाही का?

आहे की, पण वेगळं रक्त. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), किडनीचं क्रिएटिनिन, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे, हिमोग्लोबिन, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. ह्यांनी पडदा दिसत नाही, पण पडदा पुढे बिघडणार की टिकणार ते बरंचसं ह्यांच्यावर ठरतं. १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ च्या, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, लोकांची शुगर कडक सांभाळली तेव्हा ज्यांना रेटिनोपॅथी नव्हती त्यांच्यात ती सुरू व्हायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. सुजेच्या कुठल्या मार्करमागे लागून असं काही साधलेलं नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएसमध्ये, १९९८ साली, टाइप २ वाल्यांचं नुसतं ब्लडप्रेशर घट्ट सांभाळलं तर बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास ३७ टक्के कमी, म्हणजे बीपीचा पट्टा हा सीआरपीपेक्षा डोळ्याला जास्त उपयोगी, आणि तो तर आरोग्य केंद्रात फुकट आहे.

लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर पडदा लगेच दाखवा, किडनी आणि पडदा बऱ्याचदा जोडीने बिघडतात. एचबीएवनसीला एक तळटीप, हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर डोळे झाकून जाऊ नका, लोह कमी असलं तर तो उगाच वर येऊ शकतो, नुकतं रक्त चढवलं असेल तर भलताच येतो. बायकांमध्ये हे आमच्याकडे खूप दिसतं.

कुणी काय निवडावं

टाइप २ ची शुगर आत्ताच निघाली असेल, तर त्याच महिन्यात एकदा पडदा, कारण शुगर निघाली आज पण अंगात किती वर्षं होती कुणाला ठाऊक, आणि मग वर्षातून एकदा. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात पडदा झपाट्याने बिघडू शकतो (फक्त गरोदरपणात आलेली शुगर असेल तर हा नियम नाही).

शुगर बरीच वर होती आणि इन्सुलिनने किंवा नवीन इंजेक्शनने पटकन खाली आणली, तर सुरुवातीचे काही महिने पडदा उलट बिघडू शकतो, सेमाग्लुटाइड नावाच्या अशाच एका इंजेक्शनच्या २०१६ च्या चाचणीत पडद्याचे गंभीर त्रास औषधवाल्यांत ३ टक्के आणि बाकीच्यांत १.८ टक्के होते. औषध सोडायचं नाही, सुरू करायच्या आधी पडदा दाखवायचा.

आधीच रेटिनोपॅथी सांगितलेली असेल त्याने मार्कर-बिर्कर विसरून डॉक्टरने दिलेली तारीख पाळायची. लेझरने मॅक्युलाच्या सुजेत नजर घसरायचा धोका निम्मा होतो हे १९८५ मध्येच दिसलंय, आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनंही आहेत, पण वेळेत पोचलं तर. अचानक काळे धागे तरंगायला लागले, डोळ्यासमोर कुणी पडदा ओढल्यासारखं झालं, सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तर लॅबमध्ये येऊ नका, तसेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायला लागलं तरी त्याच दिवशी.

आणि पॅकेज आधीच घेऊन झालं असेल तर सीबीसीचा कागद टाकू नका, हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरला लागेल, एनएलआर तिथे पडून राहिला तर काही बिघडत नाही. जायच्या आधी फोन करा. आपल्याकडे रेटिनावाले डॉक्टर बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारीच येतात, तो वार विचारा, आणि सरळ विचारा की थेंब टाकून पडदा बघणार का, नाहीतर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत पाठवतात आणि घरी सगळे म्हणतात डोळे तपासून आणले.